थायरॉईडचा रिपोर्ट आणि कामगाराचा थकवा

(रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या संयुक्त मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनच्या सभेत महागाई भत्ता, बदल्या, रिक्त जागा आणि पेन्शन यांवर बोलायचे असते. आज आम्ही थायरॉईडवर बोलणार हे ऐकून मागच्या रांगेतील काही मंडळी हसली. पण त्याला कारण आहे. गेली काही वर्षे शाखेच्या कचेरीत चार्जशीट आणि बदलीच्या हुकुमांबरोबर आणखी एक कागद येऊ लागला आहे. तो म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट. त्यावर टी.एस.एच. या नावापुढे ५.८, ६.४ किंवा ७.१ असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. सभासद विचारतात, "भाऊ, अंगात त्राण राहत नाही. हेच कारण असेल का? जन्मभर गोळी घ्यावी लागेल का? पी.एम.ई.मध्ये अनफिट तर करणार नाहीत?"

आम्ही डॉक्टर नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. म्हणून आम्ही जाणकार डॉक्टरांसमोर बसून प्रश्न विचारले, उत्तरे लिहून घेतली, आणि जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो आहोत. सांगायचे आहे ते थोडक्यात असे: किंचित वाढलेला आकडा म्हणजे आजार नव्हे. आणि आकडा सापडला म्हणजे थकव्याचे कारण सापडले, असेही नव्हे. या दोन गोष्टींचा तपास वेगवेगळा झाला पाहिजे.

कंट्रोलर आणि स्टेशन

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी. ती टी-फोर आणि टी-थ्री अशी दोन द्रव्ये रक्तात सोडते. शरीराचा एकंदर वेग त्यांवर अवलंबून असतो. नाडी किती चालावी, अंगात ऊब किती राहावी, आतडी किती हलावीत, हे सगळे त्यात आले. या ग्रंथीवर देखरेख ठेवणारी दुसरी ग्रंथी मेंदूच्या तळाशी असते. तिचे नाव पिट्युटरी. ती थायरॉईडला जो निरोप पाठवते तोच टी.एस.एच.

आपल्या कामातले उदाहरण घ्या. पिट्युटरी हा कंट्रोलर आणि थायरॉईड हे स्टेशन. स्टेशनचे काम सुरळीत चालले असेल तर कंट्रोलर फारसा फोन करत नाही. काम मंदावले की फोन वाढतात. म्हणजे टी.एस.एच. चढला, तर 'स्टेशनकडून काम जरा जोर लावून करून घ्यावे लागते आहे' एवढाच त्याचा अर्थ. गाड्या खरोखर लेट धावताहेत की नाही हे पाहायला टी-फोर तपासावा लागतो, आणि त्यातही 'फ्री टी-फोर'. टी.एस.एच. उतरून नगण्य झाला, तर प्रकार उलटा. स्टेशन कोणाचे न ऐकता जादा गाड्या सोडते आहे. छातीत धडधड, हात थरथरणे, वजन घटणे ही त्याची लक्षणे. त्याचा इलाज वेगळा असतो.

टी.एस.एच. वाढलेला आणि फ्री टी-फोर कमी, तर ग्रंथी खरोखर कमी पडते आहे. त्याला उपचार लागतोच. टी.एस.एच. थोडा वाढलेला, पण फ्री टी-फोर ठीक, तर फोन वाढलेत पण गाड्या वेळेवर आहेत. डॉक्टर याला 'सबक्लिनिकल' म्हणतात. आपल्या सभासदांचे बहुतेक कागद या दुसऱ्या प्रकारातले असतात, आणि घोटाळा होतो तो इथेच.

'नॉर्मल' कोणी ठरवले?

बहुतेक प्रयोगशाळा टी.एस.एच.ची मर्यादा ०.४ पासून ४ किंवा ४.५ च्या आसपास धरतात. ही मर्यादा ठरते कशी? निरोगी माणसांचे रक्त तपासतात आणि त्यांतल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतील तो पट्टा 'नॉर्मल' मानतात. याचा अर्थ, १०० निरोगी माणसांत ५ जण मुळातच पट्ट्याबाहेर राहतात. दोन-तीन वर, दोन-तीन खाली. आता बाजारात चाळीस-पन्नास तपासण्यांचे 'पॅकेज' मिळते. एवढ्या तपासण्या एकदम केल्यावर एखादा आकडा ठळक अक्षरांत यायचाच. शिवाय यंत्रागणिक मर्यादा थोडी बदलते, आणि वय वाढते तसा टी.एस.एच. आपोआप थोडा वर सरकतो. पंचविशीतल्या तरुणाचा ६ आणि सत्तरीतल्या पेन्शनराचा ६ यांना एकच माप लावता येत नाही.

रात्रपाळी करून रक्त देणाऱ्यांनी हे ऐकावे

ही गोष्ट आपल्या कामाशी थेट निगडित आहे. टी.एस.एच. दिवसभर सारखा नसतो. रात्री तो चढतो आणि दुपारी सर्वांत खाली असतो. झोप त्याला आवरून धरते. रात्र जागून काढली तर तो एरवीपेक्षा अधिक चढतो. आता बघा, आपला माणूस रात्रभर मालगाडी चालवतो, केबिनमध्ये बसतो, किंवा आर.एम.एस.च्या सॉर्टिंगमध्ये बॅगा उचलतो. सकाळी घरी जाण्याआधी वाटेत रक्त देतो. दुसऱ्या दिवशी आकडा येतो ५.५. घरी रडारड सुरू. त्या आकड्यात ग्रंथीचा वाटा किती आणि जागरणाचा किती, हे त्या एका कागदावरून कोणीही सांगू शकत नाही.

जागरणाखेरीज इतर कारणेही आहेत. मोठ्या तापातून उठल्यावर काही आठवडे टी.एस.एच. वर राहू शकतो. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिले जाणारे अमियोडारोन आणि मानसिक आजारावरचे लिथियम ही औषधे थायरॉईडवर परिणाम करतात. केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते. त्याने बऱ्याच यंत्रांवर आकडेच चुकीचे येतात, बहुधा टी.एस.एच. खोटा कमी दिसतो. म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस तरी ती गोळी बंद ठेवावी असे डॉक्टर सांगतात.

यासाठी नियम सोपा आहे. आकडा किंचित वाढलेला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा. त्याच प्रयोगशाळेत, साधारण त्याच वेळी, आणि आधीची रात्र झोपून झाल्यावर. बरोबर फ्री टी-फोर, आणि एकदा अँटी टी.पी.ओ. ही तपासणी. शरीराची संरक्षणफळीच थायरॉईडवर उलटली आहे का, हे तिच्यावरून कळते. १९१२ साली जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी हा प्रकार प्रथम नोंदवला, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात.

पुन्हा तपासणी हा नुसता वेळकाढूपणा नव्हे. इस्रायलमध्ये मोठ्या संख्येने लोकांचे रिपोर्ट पाहून २००७ साली असे दिसले की, टी.एस.एच. किंचित वाढलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के लोकांचा आकडा पाच वर्षांत आपोआप नॉर्मलला आला. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे १९७२ पासून वीस वर्षे लोकांवर लक्ष ठेवले गेले. ज्या स्त्रियांचा टी.एस.एच. वाढलेला होता आणि ती विरोधी द्रव्येही होती, त्यांच्यापैकी दरवर्षी शेकडा ४ हून थोड्या अधिक जणींना पुढे खरा आजार जडला. म्हणजे घाबरायचे नाही, पण कागद कपाटात टाकून विसरायचेही नाही. दरवर्षी तपासत राहायचे.

गोळी कोणाला?

थायरॉक्सिनची गोळी स्वस्त आहे, खऱ्या आजारात ती जीवनदायी आहे. प्रश्न आहे तो काठावरच्या आकड्यांचा. ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, हे त्यांना माहीत नव्हते. वर्षाअखेर खऱ्या गोळीवाल्यांचा आकडा खाली आला. थकवा मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. ते लोक वयस्कर होते हे खरे. पण २०१८ साली एकूण २१ चाचण्या आणि २१९२ माणसे एकत्र धरून हिशेब केला गेला, तेव्हाही तेच निघाले. कागद सुधारला, माणूस होता तसाच. त्यानंतर २०१९ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने असा सल्ला दिला की, अशा काठावरच्या बहुतेक प्रौढांना सरसकट गोळी देऊ नये.

अपवाद मात्र पक्के लक्षात ठेवा. टी.एस.एच. १० च्या वर टिकून राहिला, तर बहुतेक डॉक्टर गोळीचा विचार करतात. तरुण वय, ठळक लक्षणे, गळ्याला सूज, ती विरोधी द्रव्ये सापडणे, यांत डॉक्टर माणूस पाहून ठरवतात. आणि आमच्या भगिनी गरोदर असतील किंवा मूल होण्याची वाट पाहत असतील, तर थोडा वाढलेला आकडाही अंगावर काढू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉईडवर अवलंबून असते.

ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी आमचे भाषण ऐकून ती बंद करू नये. ती कशासाठी सुरू झाली हे डॉक्टरांना विचारावे. गोळी पाण्याबरोबर, उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. पाळीचे काम असेल तर 'सकाळी' या शब्दात अडकू नका. झोपून उठल्यावर उपाशीपोटी, मग घड्याळात काहीही वाजलेले असो. ते जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी झोपताना. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. लाइन बॉक्समध्ये इंजिनाच्या उष्णतेत डबी ठेवू नका. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, त्याआधी आकडा स्थिर होत नाही. जादा डोसने ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात. 'थोडी जास्त घेतली तर तरतरी येईल' हा हिशेब धोक्याचा आहे.

मिठाबद्दलही विचारतात. आपल्या देशात गलगंडावरचा कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला, आणि आयोडीनयुक्त मीठ गावोगाव पोहोचवण्यात आपल्याच वाघिणींचा मोठा हात आहे. रोजच्या स्वयंपाकात ते मीठ पुरेसे असते. आयोडीन कमी झाले तर बाधते, तसे जादाही बाधते. तेव्हा मीठ वाढवून टी.एस.एच. उतरत नाही, रक्तदाब मात्र चढतो.

थकव्याचा तपास

आता मुख्य मुद्दा. आमच्या पाहण्यातले तीन सभासद सांगतो. नावे आणि ठिकाणे सांगणार नाही.

पहिला एक पॉइंट्समन. वर्षभर मंद झालेला. थंडी सोसवत नाही, चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, पोट साफ नाही. त्याच्या कचेरीने कामात दिरंगाई म्हणून खुलासा मागवला. सहकारीही त्याला 'कामचुकार' म्हणू लागले. शेवटी तपासणी झाली तेव्हा टी.एस.एच. ६० च्या वर आणि फ्री टी-फोर अगदी तळाला. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत माणूस पूर्वीसारखा उभा राहिला. हा खरा आजार. अशा माणसाला नोटिशीची नव्हे, औषधाची गरज असते.

दुसऱ्या आमच्या सॉर्टिंगमधल्या ताई. टी.एस.एच. ५.६. 'थायरॉईड आहे' म्हणून घरच्यांनी निर्णय देऊन टाकला. एका डॉक्टरबाईंनी विचारले, "ताई, पाळीत रक्तस्राव किती होतो?" त्यांना तोवर हे कोणी विचारले नव्हते. हिमोग्लोबिन निघाले ८.२. रक्तस्रावावर उपचार झाला, लोहाच्या गोळ्या मिळाल्या, आणि जिना चढताना लागणारी धाप गेली. तीन महिन्यांनी टी.एस.एच. आपोआप ४.१.

तिसरा मालगाडीचा लोको पायलट. टी.एस.एच. ६.३. रनिंग रूममध्ये त्याच्या घोरण्याने दुसरे कोणी झोपू शकत नसे. झोपेत त्याचा श्वास मिनिटामिनिटाला अडत होता, म्हणून आठ तास झोपूनही तो थकलेलाच उठे. झोपेची तपासणी झाली, रात्री नाकावर लावायचे हवेचे यंत्र मिळाले, आणि त्याचे दिवसा पेंगणे थांबले. नुसत्या ६.३ वर गोळी देऊन हा माणूस पुन्हा गाडीवर चढला असता, तर काय झाले असते याचा विचार करा. त्याच्या मागे अठ्ठावन्न वाघिणी असतात.

थकव्याला कारणे पुष्कळ. रक्त कमी, साखर वाढलेली, बी-बारा कमी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा बिघाड, क्षयरोग, मनाची उदासी, दारू, झोपेतला श्वास. यांतले बहुतेक साध्या तपासणीत सापडते. मात्र टी.एस.एच.चा ठळक आकडा दिसला की शोध तिथेच थांबतो.

आणि एक कारण असे आहे की ते कुठल्याच प्रयोगशाळेत सापडत नाही. ते कारण म्हणजे ड्युटी. १९८९ च्या रेल्वे कायद्याने कामाच्या तासांना मर्यादा घातलेल्या आहेत. कंटिन्युअस कामाला दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, इंटेन्सिव्हला ४५ तास, आणि इसेन्शियली इंटरमिटंटला तब्बल ७५ तास. १९७४ च्या मे महिन्यातील वीस दिवसांच्या संपात आठ तासांच्या दिवसाची मागणी होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. जागा रिकाम्या राहिल्या की दोघांचे काम एकावर येते. पोस्टमनची बीट वाढते, ट्रॅकमन उन्हात हातोडा घेऊन चालतो, लागोपाठ रात्री लागतात. अशा माणसाला 'थायरॉईड आहे, गोळी घ्या' म्हणणे सर्वांनाच सोयीचे जाते. लागोपाठ किती रात्री केल्या, हे मग कोणी विचारत नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला की त्याच माणसाला 'तुला काही झालेले नाही' म्हणतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थकवा खोटा ठरत नाही.

आपण काय करायचे?

डॉक्टरकडे जाण्याआधी साध्या वहीत पंधरा दिवसांची नोंद ठेवा. ड्युटी कधी लागली, कधी सुटली, झोप किती मिळाली, थकवा कोणत्या वेळी सर्वांत जास्त वाटला. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे, आयुर्वेदिक आणि केसांच्या गोळ्यांसह, लिहून न्या. जुने रिपोर्ट टाकून देऊ नका. एका आकड्यापेक्षा तीन आकड्यांची ओळ जास्त सांगते. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "हा आकडा माझ्या थकव्याचे कारण आहे असे आपल्याला वाटते का, की आणखी काही पाहायला हवे?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. छातीत दुखणे, धाप, गळ्यात गाठ किंवा झपाट्याने घटणारे वजन, असे असेल तर मात्र पंधरा दिवस थांबू नका.

किलोमीटरचा भत्ता बुडेल किंवा कॅटेगरी जाईल या भीतीने रनिंगमधील बंधू लक्षणे लपवतात. ती भीती आम्हाला समजते. फिट की अनफिट हा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्याचा असतो. त्यांनी जे सांगितले ते कागदावर मागून घ्या आणि शाखेला कळवा. वैद्यकीय कारणाने वर्ग उतरला तर रेल्वेत पर्यायी नोकरीची तरतूद आहे. ती मिळवून देणे युनियनचे काम आहे. पण गाडीवर डोळा लागला तर त्यावर तरतूद नाही.

या मेळाव्यापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, रात्रपाळी संपवून थेट आलेल्या कर्मचाऱ्याचे रक्त वैद्यकीय तपासणीसाठी घेऊ नये, त्याला आधी विश्रांती मिळावी. दोन, टी.एस.एच. काठावर आला तर निर्णयापूर्वी फ्री टी-फोरसह फेरतपासणी व्हावी, आणि थकव्याची तक्रार असल्यास हिमोग्लोबिन, साखर व झोपेची विचारपूस त्याच वेळी व्हावी. तीन, केसपेपरवर मागील पंधरा दिवसांच्या ड्युटीची नोंद असावी. आपल्या ग्रामीण डाक सेवकांना बहुधा स्वतःच्या खिशातून तालुक्याच्या प्रयोगशाळेत पैसे भरावे लागतात. त्यांना वार्षिक तपासणी मिळावी, हे या सूचनांना जोडून घ्यावे.

भुसावळपासून इटारसी, सिकंदराबाद, बिलासपूरपर्यंत जिथे जिथे आपले मराठी सभासद आहेत, त्यांनी आपापल्या शाखेत या सूचनांवर चर्चा करावी, आणि आपल्या भागातला अनुभव लिहून कळवावा. पुढल्या वेळी प्रशासनासमोर बसताना आमच्या हाती नुसते रिपोर्ट नकोत, त्याबरोबर ड्युटीच्या वह्याही हव्यात.